छोटा ट्रॅक्टर दारी आला, पुढे काय?

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली एक योजना सुरू केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर, त्याबरोबर कल्टिव्हेटर वा रोटाव्हेटर आणि ट्रेलर असा संच ९० टक्के अनुदानावर द्यावयाचा, अशी ती योजना. मूळ निर्णयात संचाची किंमतमर्यादा ३ लाख ५० हजार रुपये होती. त्यातील ३ लाख १५ हजार शासनाचे आणि ३५ हजार गटाचे. ज्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्याचे औत हाकणे आले, त्यांच्या सामुदायिक मालकीचे यंत्र व्हावे ही कल्पना चांगली आहे. सरकारच्या प्रत्येक योजनेकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला आहे आणि ती बहुधा सकारणच असते. परंतु येथे मूळ कल्पनेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी या योजनेचे अर्ज भरून दिले, जातीचे दाखले मिळवून दिले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मीही ते केले. मंजुरीचे पत्र आले, ट्रॅक्टर गावात आला, त्याला हार घातला, नारळ फोडला, की आपले काम संपले असे आपण समजत आलो. हा समज किती घातक आहे ते मला एका गटाने शिकवले.

गट दहा बायकांचा. दोघींच्या घरी एकर-दीड एकर कोरडवाहू, बाकीच्या मजुरीवर. ट्रॅक्टर मृगाच्या तोंडावर आला. दहांपैकी एकीलाही तो चालवता येत नव्हता, आणि तो चालवावयास त्यांना कोणी शिकवावे ही कल्पना ना खात्याच्या मनात आली, ना विक्रेत्याच्या, ना माझ्या. विक्रेत्याचा माणूस आला, किल्ली कोठे फिरवायची ते दाखवून चहा पिऊन गेला. मग एकीचा पुतण्या पुढे झाला. त्याने दोन हंगाम साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चालवला होता. ज्याला थोरला येतो त्याला धाकटा येणारच, असे सर्वांनी गृहीत धरले. सहा आठवड्यांनी बाभळीचे एक खोड बांधावरून ओढून काढताना त्याने साखळी वरच्या दांडीला, म्हणजे टॉप लिंकच्या खुंटीला अडकवली. खोड हलेना, त्याने क्लच एकदम सोडला. ट्रॅक्टरने तोंड उचलले ते थेट मागे आले. पोराने उडी घेतली म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला. मी भेटावयास गेलो तेव्हा गटाच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या, “भाऊ, कागद तुम्ही केले. आता हे उलटं पडलेलं सरळ कोण करणार?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे जे लिहितो आहे ते त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे.

हा अपघात दैवाने घडला नाही. त्याची कारणे साधी आहेत. ट्रॅक्टरची मागची चाके ओढीमुळे पुढे सरकू शकली नाहीत, तर इंजिनाचा जोर चाकांना फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवू पाहतो. ओझे आसाच्या खाली, मागच्या ओढदांडीला जोडलेले असेल तर पुढचा भाग उचलला जाताच ती ओढ खाली सरकून आपोआप कमी होते. आसाच्या वर जोडलेले असेल तर तेच ओझे ट्रॅक्टरला मागे खेचते. हे सारे सेकंद-दीड सेकंदात उरकते, चालकाचा पाय क्लचकडे जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. थोरल्या ट्रॅक्टरला स्वतःचे दोन-अडीच टन वजन असते, ते पुष्कळ चुका पोटात घालते. आठ-नऊशे किलोचा छोटा ट्रॅक्टर तशी क्षमा करीत नाही. म्हणून थोरल्यावर मिळवलेला अनुभव धाकट्यावर कधीकधी अडचणच ठरतो. नवख्याने पहिल्या दिवशी शिकावयाचे वाक्य एकच: ओढावयाचे ते खालच्या दांडीला, आणि क्लच हळू. दुसरे लगेच त्यास जोडून: चिखलात वा चढावर अडकलेला ट्रॅक्टर पुढे रेटू नये, शक्य असेल तर मागे घ्यावा.

अशीच गोष्ट ब्रेकची. मोटारीला ब्रेकचा एक पेडल असतो. ट्रॅक्टरला दोन असतात, डाव्या चाकाचा एक आणि उजव्याचा एक. शेताच्या टोकाला झटकन वळावे म्हणून ही सोय आहे. दोन्ही पेडल एकत्र जोडणारी एक खिट्टी असते आणि रस्त्यावर येताना ती लावावयाची असते. ती न लावता भरल्या ट्रॉलीनिशी उतारावर एकच पेडल दाबला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागून ट्रॉली त्याच्यावर येते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. टन-दीड टन मालाला थांबवण्याचे काम त्याहून हलका ट्रॅक्टर करीत असतो. तेव्हा उतार लागण्यापूर्वीच खालच्या गिअरमध्ये यावयाचे, मध्येच ‘न्यूट्रल’ करून डिझेल वाचवावयाचे नाही. ही काटकसर फार महाग पडते.

आणि ते मागे फिरणारे शाफ्ट. रोटाव्हेटरला किंवा फवारणीच्या ब्लोअरला ताकद पोचवणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. लुगड्याचा पदर, उपरण्याचे टोक, सैल बाही त्यात सापडली तर माणसाला ओरडावयासही उसंत मिळत नाही. नव्या यंत्रावर त्याला प्लॅस्टिकचे आवरण असते. पहिल्याच वर्षी ते तडकते, आणि “त्यावाचून काय अडतंय” म्हणून कोणी नवे बसवीत नाही. मळणीयंत्रांत मजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यात नुकसानभरपाईची तरतूद ठेवली. तो कायदा आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, हे एकदा ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

चाकावरच्या पत्र्यावर, म्हणजे मडगार्डवर, पोराला बसवून शेतात जाणे हे तर आपल्याकडे कौतुकाचे दृश्य समजले जाते. ट्रॅक्टरवर जागा एकाच माणसाची असते. बांधाचा एक हिसका बसला की ते पोर पुढे नाही तर मागे, चाकाखाली वा रोटाव्हेटरच्या पात्यांखाली जाते. ट्रॉलीत भरून लग्नाला किंवा जत्रेला जाणाऱ्या माणसांची कथा वेगळी नाही. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा अशा प्रवाशांसाठी नसतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. आपण स्वतः मोर्चाला माणसे ट्रॉलीतून नेली आहेत. हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून लिहीत नाही.

या मरणांना अटकाव करण्याचा उपाय जगाला ठाऊक आहे, आणि तो साधा आहे. चालकाच्या मागे पक्की लोखंडी कमान आणि जोडीला आसनाचा पट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी कमानीखाली माणसापुरती जागा राहते. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर ही कमान सक्तीची केली आणि तेथे उलटून मरणाऱ्यांची संख्या उतरत गेली. आपल्याकडे आजही पुष्कळ छोटे ट्रॅक्टर तिच्यावाचून विकले जातात. जे यंत्र नव्वद टक्के सरकारी पैशांतून घेतले जाते, त्यावर तरी कमान असलीच पाहिजे, एवढी अट घालावयास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. निविदेतील एक ओळ पुरे. मात्र बागायतदारांसाठी एक सावधगिरी: द्राक्षाच्या मांडवाखाली वा डाळिंबाच्या फांद्यांत कमान अडते म्हणून ती दुमडणारी असावी लागते, आणि बागेबाहेर पडताच ती पुन्हा उभी करावी लागते. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. तो माणसाला उलटणाऱ्या यंत्राला जखडून ठेवतो.

आता हिशेबाकडे वळू, कारण माणसे केवळ ट्रॅक्टरखाली सापडून मरत नाहीत, त्याच्या हप्त्याखालीही सापडतात. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. तुकडे पडत गेले, बैल परवडेनासे झाले, आणि या तुकड्यांसाठी म्हणून छोटा ट्रॅक्टर बाजारात आला. अरुंद, वळावयास हलका, कपाशीच्या वा उसाच्या ओळींत आणि निफाड-तासगावच्या द्राक्षबागांत शिरणारा हा ट्रॅक्टर उपयोगी आहे यात शंका नाही. प्रश्न असा आहे की तीन एकरांच्या मालकाने तो एकट्याने घ्यावा काय?

समजा किंमत चार लाख रुपये. दहा वर्षांत तो झिजून जातो असे धरले तर वर्षाला चाळीस हजार झीज. सरासरी दोन लाखांवर बारा टक्क्यांनी चोवीस हजार व्याज. म्हणजे चाक हलण्यापूर्वीच वर्षाचे चौसष्ट हजार. घरच्या तीन-चार एकरांत त्याला वर्षाकाठी ऐंशी तास काम मिळाले, तर तासाला आठशे रुपये झाले. डिझेल, तेल, टायर वेगळे. तोच ट्रॅक्टर आठ-दहा कुटुंबांत मिळून चारशे तास चालला तर तासाला एकशे साठ. ट्रॅक्टर परवडण्यास वर्षाला हजार तास काम हवे, असा बँकांच्या प्रकल्प-अहवालांतला जुना ठोकताळा आहे. अल्पभूधारकाच्या घरी हे हजार तास आणावयाचे कोठून? तेव्हा सामुदायिक मालकी हा आपल्या विचारसरणीचा हट्ट नाही. ते साधे त्रैराशिक आहे.

तरीही शेतकरी एकट्याने घेतो, आणि त्याला मूर्ख म्हणणे सोपे असले तरी चुकीचे आहे. पाऊस पडल्यानंतर वाफसा चार दिवस टिकतो. त्या चार दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आधी वीस एकरवाल्याकडे जातो, मग दहा एकरवाल्याकडे, आणि तीन एकरवाल्याची पाळी येते तेव्हा जमीन घट्ट झालेली असते. आपल्या दारात यंत्र असावे ही ओढ प्रतिष्ठेची असते तशी ती वाफशाचीही असते. जो गट ही वाफशाची पाळी न्यायाने लावू शकत नाही तो फुटतोच, मग त्याची घटना कितीही सुंदर लिहिलेली असो. मी पाहिलेले दोन-तीन गट पैशांवरून फुटले नाहीत. ‘आधी कोणाचे’ यावरून फुटले.

सर्वसाधारण शेतकऱ्याला यांत्रिकीकरणाच्या योजनेतून किमतीच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत, तेही ठराविक रकमेच्या मर्यादेत अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो आणि पैसे बहुधा खरेदीनंतर खात्यावर येतात. तोवरची भर कर्जाने काढावी लागते. बँक सातबारा आणि जामीन मागते, महिना लावते. वित्तकंपनीचा माणूस विक्रेत्याच्याच टेबलावर बसलेला असतो, तो दोन दिवसांत काम करतो आणि जास्त व्याज लावतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण करात वाचलेले सात टक्के चढ्या व्याजात वर्षभरातच परत जाऊ शकतात. आणि हप्ता थकला तर काय होते? वसुलीसाठी गुंड लावता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे. तरीही २०२२ च्या सप्टेंबरात झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात एका अपंग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ओढून नेताना त्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या वित्तकंपनीला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यास मनाई केली. काही महिन्यांत, जानेवारी २०२३ मध्ये, ती मनाई उठलीही. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद मराठीत वाचून दाखवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

आपल्यांतच एक आक्षेप असतो, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. ट्रॅक्टर मजुरांचा घास काढून घेतो, मग आपण त्याचा पुरस्कार का करावा? आक्षेप खोटा नाही. ओळींतून कल्टिव्हेटर फिरला की खुरपणीचे दिवस कमी होतात, आणि खुरपे बाईच्याच हातात असते. परंतु यंत्र यावयाचे ते आपल्या संमतीवाचूनही येतच आहे. ते ज्यांची खुरपणी जाणार त्यांच्याच मालकीचे असले, तर गेलेल्या मजुरीच्या जागी भाड्याचे उत्पन्न त्यांच्या पदरात पडते. वर उल्लेखिलेल्या योजनेचे खरे मोल यात आहे, आणि ती कागदी गटांच्या हाती गेली, दहा सह्या करून ट्रॅक्टर एकाच वाड्यात उभा राहिला, तर तिचे नुकसानही यातच आहे.

एक जुनी आठवण. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने देशी आराखड्याचा ट्रॅक्टर तयार केला आणि पंजाब सरकारच्या कंपनीने १९७४ साली मोहालीत तो ‘स्वराज’ या नावाने बाजारात आणला. परदेशी परवान्याविना ट्रॅक्टर होऊ शकतो हे सार्वजनिक क्षेत्राने सिद्ध केले. २००३ मध्ये पंजाब सरकारने आपला हिस्सा विकला, २००७ मध्ये ती कंपनी खासगी उद्योगसमूहाकडे गेली; पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. यंत्र करण्याची विद्या आपण अशी सोडून दिली. निदान यंत्र चालवण्याची विद्या तरी लोकांच्या हाती ठेवावी, एवढेच आज म्हणावयाचे आहे.

ती विद्या मिळते कोठे? केंद्र सरकारने मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र काढले. पुढे हिसार, आंध्रातील गार्लादिन्ने आणि आसामातील बिश्वनाथ चाराली अशा आणखी तीन संस्था झाल्या. महाराष्ट्रात या चारांपैकी एकही नाही. तथापि आपल्या जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, बहुतेक तालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. ट्रॅक्टरची किल्ली देण्यापूर्वी गटातील किमान चार जणांना, त्यांत निम्म्या स्त्रिया, तेथे पंधरा दिवसांचे शिक्षण आणि शिक्षणकाळातली मजुरी मिळावी, ही मागणी आपण अनुदानाच्या मागणीइतकीच जोराने केली पाहिजे. गटाच्या नावावर यंत्र आणि चालवावयास शेजारचा पुतण्या, ही मालकी नव्हे.

शिक्षणात भाषणे नकोत. हवेची जाळी रोज साफ करणे, रोटाव्हेटरच्या धुळीत दिवसातून दोनदाही. कारण धूळ इंजिनात गेली की दहा वर्षांचे इंजिन तीन वर्षांत धूर ओकू लागते. टाकी कधी कोरडी पडू न देणे, कारण डिझेल संपले की नळीत हवा धरते आणि ती काढता येत नसेल तर मेकॅनिकच्या येण्याची वाट पाहत दिवस जातो. पहिल्या पन्नास तासांनंतरची तपासणी न चुकवणे, नाहीतर कंपनी हमीची जबाबदारी झटकते. ओल्या काळ्या रानात न शिरणे. चाकाखाली दडपलेली जमीन पुढच्या हंगामापर्यंत बोलत राहते. अठरा अश्वशक्तीच्या यंत्राला तीन-साडेतीन फुटांचाच रोटाव्हेटर लावणे आणि त्याला एकरी दोन तास लागले तर लागू देणे. खोल नांगरट त्याचे काम नाही. ती थोरल्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

त्या दहा बायकांच्या गटाचा ट्रॅक्टर सात महिने झाकून उभा होता. मग दुरुस्तीसाठी प्रत्येकीने दीड हजार काढले, उरलेले आम्ही तालुक्यातून जमवले. पंचक्रोशीतला एक निवृत्त एसटी मेकॅनिक महिनाभर रोज सकाळी येऊन शिकवीत होता. तिघी शिकल्या, चौथीने भीती वाटते म्हणून सोडले, आणि तिला कोणी हसले नाही. आसनाजवळ तास मोजणारे मीटर आहे, त्याचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय किल्ली मिळत नाही. वाफशाची पाळी चिठ्ठ्या टाकून लागते, आणि दर पावसानंतर ती उलट्या क्रमाने फिरते. भाड्याचा एक तृतीयांश डिझेल-दुरुस्तीच्या डब्यात जातो. मडगार्डवर पोर बसलेले दिसले तर पन्नास रुपये दंड. पहिला दंड अध्यक्षीण बाईंनी स्वतः भरला, नातवासाठी. गेल्या हंगामात मीटरवर तीनशे दहा तासांची भर पडली. मागची कमान अजून बसलेली नाही. खात्याकडे तिसरे पत्र गेले आहे.